दर दुसऱ्या मंगळवारी गैरहजर

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. शिक्षकांच्या कार्यक्रमात पहिली रांग कायम रिकामी, ही आपली जुनी खोड.

पोरं का बिघडतात हे सांगायला मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून हजेरीपटापासूनच सुरुवात करतो. नववीतला एक मुलगा दर दुसऱ्या मंगळवारी गैरहजर. चौदा दिवस झाले की खाडा, पुन्हा चौदा, पुन्हा खाडा. गणिताच्या माणसाला हे दिसायला हवं होतं. मला दिसला तो फक्त त्याचा दांडगेपणा. मारामाऱ्या, उलट उत्तरं, कुणी ‘काय बे’ म्हटलं तरी अंगावर धावून जाणं. एकदा भर वर्गात मी म्हणालो, “उद्या बापाला घेऊन ये.” पोरं फिदीफिदी हसली. तो म्हणाला, “भिवंडीला लूमवर गेलेत.” त्याच दुपारी हसलेल्यांपैकी एकाच्या दंडात त्यानं कंपासचं टोक खुपसलं.

आमच्या शिपायानं मला बाजूला घेतलं. “सर, बाप आत आहे त्याचा. मंगळवारी तारीख असती.” सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मला सोडून.

पुढे तो थोडा बोलता झाला. कच्च्या कैद्याची, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचाय त्याची, कोठडी कोर्ट एका वेळी पंधरा दिवसांहून जास्त वाढवत नाही, म्हणून चौदा दिवसांनी तारीख. पोरगं सकाळपासून कोर्टाच्या आवारात थांबायचं. पोलीस गाडीच्या दारापासून पायरीपर्यंत बाप चालत जाणार, तेवढाच दिसणार. “बावीस पावलं होतात सर. मोजलो मी.” मग तुरुंगातूनच कॅमेऱ्यावरून कोर्टातली हजेरी सुरू झाली आणि बापाला आणणंच बंद झालं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्या मंगळवारी तो संध्याकाळपर्यंत उभा होता. बुधवारी शाळेत काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. माझ्या वहीत त्या बुधवारची नोंद आहे, ‘विनाकारण मारामारी’.

आता तुम्ही म्हणाल, बापच तसला, पोरगं वेगळं काय निघणार? बापावर गेलं. हे वाक्य आपल्या गावात तरी जपून वापरावं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या हिशेबानं आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण आपल्या तोंडातलं वाक्य काही गेलं नाही.

रक्ताचा प्रश्न अभ्यासकांनी टाळलेला नाही. लंडनमधल्या ४११ मुलांचा १९६१ पासून कित्येक दशकं मागोवा घेतला गेला. बाप मेला, आजारपणानं दूर राहिला, भांडून निघून गेला, अशा मुलांपेक्षाही लहानपणी आई किंवा बाप तुरुंगात गेलेली मुलं पुढे जास्त बिघडलेली दिसली. म्हणजे नुसतं घरात नसणं हे कारण पुरत नाही. मेलेल्या बापासाठी गल्ली जेवण आणून देते, आत गेलेल्यासाठी दारं लावून घेते.

मला जास्त पटतो तो पुढचा भाग. त्याच पिढीतली मुलं स्वीडनच्या स्टॉकहोममध्येही तपासली. तिथं आईबापांची गुन्हेगारी हिशेबात धरल्यावर तुरुंगवासाचा वेगळा परिणाम जवळपास उरलाच नाही. तिथल्या शिक्षा छोट्या, कुटुंबाच्या भेटी मोकळ्या, समाजाची नजर मवाळ. हे फरकाचं कारण असावं, असं अभ्यासकांनीच सुचवलंय. २०१२ मध्ये अशा ४० अभ्यासांची एकत्र छाननी झाली. वागणुकीतला बिघाड त्यातही दिसला, पण नशा आणि अभ्यासातली घसरण यांचा थेट संबंध काही ठरला नाही.

तेव्हा बाप आत जातो कसा आणि आपण पोराशी वागतो कसे, यावर बरंच ठरतं. स्वीडन लांब पडत असेल तर आटपाडी बघा, आपल्या सांगोल्याला लागून. औंध संस्थानानं १९३९ साली तिथं स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. पोरांना बाप रोज दिसतो, पावलं मोजावी लागत नाहीत. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे होते. गुन्हा शाबित व्हायचाय, पोराचा निकाल मात्र वर्गात आधीच लागलेला.

मुलींचं तर नावच निघत नाही, कारण त्या कुणाला मारत नाहीत. बाप आत गेला की आई वकिलाच्या पायऱ्या झिजवते आणि विड्यांची पानं कापायला मुलगी बसते. आधी शनिवार बुडतो, मग आठवडा. आपण म्हणतो, गुणी आहे, आईला मदत करते. वर्षभरात स्थळ येतं. हा बिघाड कुठल्या आकड्यात मोजणार?

एक कामाची गोष्ट. बालसंगोपन योजनेत अशा मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. पण बाप आत असल्याचा कागद जोडायला आया तयार होत नाहीत. घरी धाकट्यालाही ‘बाबा भिवंडीला’ असंच सांगितलेलं असतं. त्या मुलाच्या आईला मी तीनदा भेटलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “सर, तो कागद शाळेत कोण कोण वाचणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं, की फाईल माझ्याच कपाटात राहील.

शेवटी पोरगंच कागद घेऊन आलं. शिक्षकांच्या खोलीत चारजण चहा पीत होते. त्यानं कागद टेबलावर पालथा ठेवला, वर हात दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कपाटाची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. कागद त्यानंच ठेवला, कुलूप त्यानंच लावलं, आणि एकदा ओढून बघितलं.