एका चाकावरचे ओझे

पडद्यावर दिसणारे हे टेबल न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेस्टपोर्ट गावातल्या एका भाड्याच्या खोलीतले आहे, आणि त्यावर मांडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या उद्या सकाळी याच खोलीत राहणार आहेत. आमचा मित्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तोलतो, आकडा वहीत लिहितो आणि मग ती डावीकडे ठेवायची की उजवीकडे, हे ठरवतो. त्याला युनिसायकलवरून, म्हणजे एकचाकी सायकलवरून, ओल्ड घोस्ट रोड ही डोंगरवाट चार दिवसांत पार करायची आहे. लायलपासून सेडनव्हिलपर्यंत हे अंतर 85 किलोमीटर आहे. वाटेत दुकान नाही, मोटाररस्ता नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलही चालत नाही.

दोन चाकांच्या सायकलीला कॅरियर लावता येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवता येतात. इथे मात्र एक चाक, एक फोर्क आणि वर सीट एवढाच सांगाडा असतो, आणि ज्या जागी पिशव्या लटकायच्या तिथे स्वाराच्या पोटऱ्या फिरत असतात. त्यामुळे सामान एकतर पाठीवर जाते, नाहीतर सीटच्या पुढच्या छोट्या दांडीवर. पाठीवरचे वजन कमरेतून थेट सीटवर उतरते, कारण सायकलसारखे हँडलवर रेलून त्यातला बराचसा भार हातांवर घेण्याची सोय या वाहनात नाही. ते वजन उंचावरही असते, म्हणून तोल किंचित ढळला तरी ते स्वाराला आणखी त्याच दिशेने ओढते. दगडाला अडखळून चाक थांबले की स्वार पुढे उडी मारून पायांवर उतरतो, आणि सॅक जड असेल तर तीच त्याला मागून ढकलते.

आता चाकाच्या मध्यभागी पाहा. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, चाकाच्या हबला थेट जोडलेले आहेत, म्हणजे चाक फिरेल तेव्हा पाय फिरलेच पाहिजेत, उतारावरसुद्धा. 29 इंची चाकाचा घेर सुमारे 2.3 मीटर असतो. त्या हिशेबाने 85 किलोमीटरचे जवळजवळ 37 हजार फेरे होतात, आणि पायी चालण्याचे तुकडे वगळले तरी प्रत्येक फेऱ्यात पाठीवरचे सामान सोबत असतेच. संध्याकाळी घालायच्या 200 ग्रॅमच्या चपला न्यायच्या की नाहीत, यावर त्याने घेतलेला वेळ आम्ही संपादनात कापलेला नाही.

तंबू, चटई, स्टोव्ह, गॅसची डबी आणि पातेली उजवीकडे, म्हणजे खोलीतच राहिली. हे शक्य झाले ते वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांमुळे, ज्यांना तिथे हट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी या डोंगरात दोन्ही टोकांकडून रस्ता काढायला घेतला होता, पण ती टोके कधी जुळली नाहीत. मोकिहिनुई-लायल बॅककंट्री ट्रस्टने स्वयंसेवकांना हाताशी धरून हा रस्ता पुन्हा हाती घेतला, त्यावर हट बांधल्या, आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये ही वाट पूर्ण लांबीने खुली झाली. हटमध्ये गाद्या आहेत, गॅसच्या शेगड्या आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. आमच्या मित्राची सॅक हलकी झाली, त्यात त्याच्या काट्याइतकाच वाटा ही भांडी डोंगरावर नेऊन ठेवणाऱ्यांचा आहे, हे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे.

डावीकडे राहिलेल्या वस्तू थोड्या आहेत. पिसांची स्लीपिंग बॅग, पावसाचे जाकीट, एक जादा लोकरी बनियन, मोजे, आणि दिवसाला सुमारे 600 ग्रॅम या हिशेबाने ओट्स, सुकामेवा आणि वाळवलेले तयार जेवण. साखळी नाही आणि गिअर नाहीत, त्यामुळे हत्यारेही मोजकी पुरतात: एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, अ‍ॅलन की आणि पायडलचा पाना. नडगीचे गार्ड आणि आणीबाणीत उपग्रहाला संदेश देणारा बीकन यांचे वजन त्याने केले, पण त्यांच्याबद्दल विचार केला नाही. पाणी धरून एकूण भार 6 किलो 600 ग्रॅम झाला, आणि त्यातली हत्यारे सीटच्या पुढच्या पिशवीत गेली.

लायलहून पहिले 18 किलोमीटर बीच वृक्षांच्या जंगलातून जुन्या गाडीवाटेने सौम्य चढत जातात. दुसऱ्या दिवशी जंगल मागे पडते आणि उघडी डोंगरधार सुरू होते. धारेवरून खाली उतरणाऱ्या या लाकडी पायऱ्यांवर सायकलवाल्यांना आपली सायकल सांभाळत उतरावे लागते. आमच्या मित्राने सुमारे 7 किलोची युनिसायकल एका हातात उचलली आणि दुसरा हात मोकळा ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्याचा उजवा गुडघा सुजला आणि शेवटचे काही किलोमीटर तो चालला.

चौथ्या दिवशी मोकिहिनुई नदीच्या घळीतून, पाण्याच्या कडेने, तो सेडनव्हिलला उतरला. सामान उघडले तेव्हा न वापरलेल्या दोनच वस्तू निघाल्या, ट्यूब आणि बीकन. वहीत त्याने दोन्हींच्या पुढे पुन्हा बरोबरची खूण केली आहे.