फळ्यावर काय लिहायचं

नमस्कार मंडळी. एखादा मोठा कलाकार गेला की बातमी आता कुठून कळते सांगा बरं? फोनवरनं. सकाळी चहा उकळत असतो, फोन लागोपाठ वाजतो, सोसायटीचा ग्रूप, शाळेचा ग्रूप, सासरचा ग्रूप, आणि सगळीकडे तोच फोटो, मुद्दाम काळापांढरा केलेला, कोपऱ्यात पणती आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आपण हात जोडलेलं चित्र टाकतो, पुढे पाठवतो, आणि चहा गाळायला घेतो. मला याचं वाईट वाटतं, मनापासून वाईट वाटतं. ज्या माणसानं आपल्याला पंचवीस-तीस वर्षं हसवलं, रडवलं, आपल्या घरातल्या सणावाराला ज्याचा आवाज होता, त्याच्यासाठी आपल्याकडे स्वतःचं एक वाक्य नसावं?

आणि घाई किती! विक्रम गोखल्यांच्या वेळी काय झालं आठवतंय ना, नोव्हेंबर २०२२ मध्ये? २३ तारखेच्या रात्रीच ते गेल्याची बातमी फिरायला लागली, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या वाहून टाकल्या, आणि घरच्यांना सांगावं लागलं की अहो ते आहेत, उपचार चालू आहेत. गेले ते २६ तारखेला. ज्या घरात माणूस आजारी आहे त्या घरावर मधल्या तीन दिवसांत काय वेळ आली असेल, याचा विचार फॉरवर्ड करताना कुणी केला नाही. असो.

आज मला एकच गोष्ट सांगायचीय. आवडता कलाकार गेला की त्याच्याबद्दल तीन गोष्टी बोला. त्याला कुठे पाहिलं, कधी पाहिलं, आणि कुणाबरोबर पाहिलं. परत सांगते, पाठ करून टाका, कुठे, कधी, कुणाबरोबर. बाकी जन्मतारीख, पुरस्कार, किती सिनेमे केले, ते पेपरवाले देतातच आणि द्यावंच त्यांनी, पण या तीन गोष्टी फक्त तुमच्याकडे असतात.

हे मला शिकवलं आमच्या नायगावच्या फळ्यानं. आता फळा म्हणजे काय ते मुंबईतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. प्रत्येक नाक्यावर असायचा, लाकडी चौकट, वर पत्र्याची पडवी, कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची पूजा आहे, पाणी कधी येणार नाही, सगळं रंगीत खडूनं लिहिलेलं. आमचा फळा लिहायचे आमच्याच चाळीतले एक काका. बेस्टमध्ये कंडक्टर होते. अक्षर असं की लोक बस सोडून वाचत उभे राहायचे. मजकूर छोटा असला तरी आधी ओल्या फडक्यानं पुसायचे, वाळू द्यायचे, मग दोऱ्याला खडू लावून रेघा मारायचे, आणि मगच पहिलं अक्षर. मी शाळेत होते तेव्हा आणि माझं काम त्यांच्या हातात खडू देणं.

तर १४ मार्च १९९८. शनिवार होता. आदल्या दिवशी धुळवड झालेली, त्यामुळे चाळीत सगळ्यांच्या कानामागे, नखांत अजून रंग होता, आणि सकाळी सकाळी बातमी आली, दादा कोंडके गेले. आता दादा म्हणजे दुसरीकडे कुणी असतील मोठे स्टार, आमच्या नायगावला ते घरचे होते. नायगावातच वाढले, गिरणी कामगारांच्या वस्तीत, अपना बाजारमध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, मग ‘विच्छा माझी पुरी करा’चे हजाराच्या वर प्रयोग, आणि मग सिनेमे. सलग नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नाव. पण आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना गिनीज बुकाचं काही नव्हतं, आपल्यातला पोरगा एवढंच.

काका खाली आले. हात अजून हिरवे. फळा पुसला, रेघा मारल्या, आणि वर मोठ्या अक्षरांत दादांचं नाव लिहिलं. आता खाली नेहमीचंच येणार म्हणून मी लाल खडू पुढे केला, कारण श्रद्धांजली लाल खडूनं लिहायची पद्धत. काकांनी तो घेतलाच नाही. बराच वेळ फळ्याकडे बघत उभे राहिले आणि मग जमलेल्या लोकांना म्हणाले, हे बघा, दादांसाठी मी एकटा काय लिहू, ज्याला जे आठवतंय ते त्यानं येऊन लिहा, ज्याला लिहिता येत नाही त्यानं या पोरीला सांगा, तिचं अक्षर बरं आहे. आणि खडूचा डबा फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवून ड्युटीला निघून गेले.

आधी कुणी पुढे येईना हो. लोक नुसते उभे. मग रात्रपाळी करून रिटायर झालेले एक आजोबा आले, मला म्हणाले, लिही, सोंगाड्या, १९७१, कोहिनूर. १९७१ साली दादरच्या कोहिनूरवाल्यांनी ऐनवेळी सोंगाड्या बाजूला सारून देव आनंदचा तेरे मेरे सपने लावायचं ठरवलं, दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि सोंगाड्या लागला, हे तुम्हाला माहीतच आहे. तर हे आजोबा त्या गर्दीत होते. पण त्यांनी मला त्यातलं काहीच लिहू दिलं नाही. म्हणाले, तसं नको, असं लिही की पगार झाला होता, ब्लॅकनं तिकिटं घेतली, आणि आईला पहिल्यांदा पिक्चर दाखवला. आईला. गावाहून आली होती. पडद्यावर दादा ‘आये’ म्हणाले की ही इकडे ओ द्यायची.

मग लोक सुरू झाले. कुणी थिएटरचं नाव लिहिलं, कुणी नुसतं कुणाबरोबर गेलो ते. आमच्या शाळेतल्या एक बाई त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायच्या, फार कडक, दादांचे पिक्चर म्हणजे डबल मीनिंग, पोरांनी बघायचे नाहीत, असं वर्गात सांगायच्या. त्या बाजारातून येताना थांबल्या, पिशवी खाली ठेवली, सगळा फळा वाचला, आणि स्वतः खडू घेऊन एका ओळीत लिहिलं, ‘विच्छा पाहिलं होतं. लग्नाआधी. आम्ही चौघी मैत्रिणी.’ आणि खाली सही नाही, काही नाही, पण अक्षर अख्ख्या वर्गाला ओळखीचं. मला त्या दिवशी बाई कळल्या, खरं सांगते.

पण माझ्या कायम लक्षात राहिल्या त्या तळमजल्यावरच्या काकू. त्यांना लिहिता यायचं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर आल्या. त्यांचे मिस्टर गिरणीत होते, आणि संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर, हे तर नायगाव-लालबागच्या घराघरात झालेलं. काकू म्हणाल्या, तेव्हा ह्यांनी बोलणंच टाकलं होतं गं. सकाळी उठायचे, सवयीनं डबा भरायला सांगायचे, मग आठवायचं की पाळी नाही, आणि गॅलरीत जाऊन बसायचे. पोरांशी नाही, माझ्याशी नाही. एक दिवस माझा भाऊ आला आणि आम्हाला दोघांना जबरदस्तीनं दादांच्या पिक्चरला घेऊन गेला. आणि पिक्चरमध्ये हे हसले. आधी थोडं, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.

मी विचारलं, काकू, कुठला पिक्चर होता, लिहायचाय. तर म्हणाल्या, मला काय माहीत, मी पिक्चर बघितलाच नाही, मी ह्यांच्याकडेच बघत होते.

मंडळी, मी तेच लिहिलं. ‘संपाच्या वर्षी. मी पिक्चर बघितला नाही, ह्यांच्याकडे बघत होते.’ संध्याकाळी काका ड्युटीवरनं आले, त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली आणि या ओळीशी थांबले. काही बोलले नाहीत, खिशातला रुमाल काढून खडूची धूळ कोपऱ्यातनं पुसत बसले. तो फळा त्यांनी बरेच दिवस पुसू दिला नाही. १९ मार्चला वाजपेयींचा शपथविधी झाला, देशाची एवढी मोठी बातमी, तीसुद्धा त्यांनी चौकटीच्या कडेला बारीक अक्षरांत बसवली. मग पुसायच्या आधी मला वहीत सगळं उतरवून घ्यायला लावलं. चाळ रिकामी करताना ती वही कुठे गेली कुणास ठाऊक, पण ओळी पाठ आहेत.

बघा, त्या अख्ख्या फळ्यावर दादांची जन्मतारीख नव्हती. पुरस्कार नव्हते. कुठे, कधी, कुणाबरोबर, एवढंच होतं. आणि त्यावरनं कुणीही परक्या माणसानं ओळखलं असतं की हा कलाकार कुणाचा होता आणि काय ताकदीचा होता.

जाता जाता एक सांगते, विषय थोडा बाजूचा आहे पण राहवत नाही. मुंबईत कितीतरी चौकांना कलावंतांची नावं दिलीयत, दादरला, गिरगावात, पार्ल्यात. त्या पाट्या जरा बघा. अर्ध्या पाट्यांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लटकलेला. नाव द्यायला मोठा समारंभ करायचा, हार घालायचे, आणि वर्षभरात त्याच नावावर फ्लेक्सची दोरी बांधायची, हे बरं नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते फ्लेक्स उतरवावेत. आणि टीव्हीवाल्यांनी श्रद्धांजलीच्या मागे ती बासरी लावायची बंद करावी. हसवणारा माणूस गेला असेल तर त्याचा हसवणारा प्रवेश दाखवा ना, पूर्ण दाखवा, पाच सेकंदांचा तुकडा नको.

तर आता तुमच्याकडे वळू. लक्ष्मीकांत बेर्डे गेले १६ डिसेंबर २००४ ला, पन्नाशीचं वय. गिरगावच्या साहित्य संघात नोकरी करत छोट्या छोट्या भूमिका करणारा हा मुलगा, ज्यांनी त्याला ‘टुरटुर’च्या आधी तिथे पाहिलंय असे प्रेक्षक अजून मुंबईत आहेत. बोला की त्यांनी! भक्ती बर्वे गेल्या १२ फेब्रुवारी २००१ ला, एक्सप्रेस वेवरच्या अपघातात. त्या तर आमच्या आकाशवाणीच्या, निवेदिका होत्या, दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, आणि ‘ती फुलराणी’ शिवाजी मंदिरला पाहून रात्रीची शेवटची लोकल पकडलेली माणसं मला अजून भेटतात, आणि त्यांना लोकलमध्ये शेजारी कोण बसलं होतं तेसुद्धा आठवतं. लतादीदी गेल्या तो ६ फेब्रुवारी २०२२ चा रविवार, संध्याकाळी शिवाजी पार्क. त्या दिवशी आमच्या शेजारच्या आजींनी टीव्ही बंद केला आणि त्यांच्या लग्नात लाउडस्पीकरवर कुठलं गाणं लागलं होतं, आणि ते लावणारा मावसभाऊ कसा रुसला होता, ते तासभर सांगितलं. दीदींना याहून मोठी श्रद्धांजली काय देणार आपण?

आणि आम्हा रेडिओवाल्यांचे अमीन सयानी, २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्यांची बिनाका गीतमाला, लोकप्रिय हिंदी गाणी पायरीपायरीनं वर चढत ऐकवायचा कार्यक्रम, १९५२ ला सुरू झाली, रेडिओ सिलोनवर, बुधवारी रात्री. माझे बाबा सांगायचे, घरात रेडिओ नव्हता, इराण्याच्या हॉटेलात एक चहा घेऊन शेवटच्या पायरीचं गाणं लागेपर्यंत मित्रांबरोबर बसायचे, आणि इराणी उठवायचा नाही कारण तोही ऐकत असायचा. बघा, कुठे, इराण्याकडे. कधी, बुधवारी रात्री. कुणाबरोबर, मित्रांबरोबर. झालं की नाही?

तर आज एक करा. घरात सत्तरीच्या पुढचं जे कुणी असेल, आई, सासरे, मामा, आत्या, त्यांच्याजवळ बसा आणि एका कलाकाराचं नाव घेऊन विचारा. फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय असतेच, चालू करून ठेवा आणि मध्ये बोलू नका. आधी ते म्हणतील, मला कुठलं आठवतंय आता. थांबा जरा. मग थिएटरचं नाव विचारा, तिकीट कितीला होतं विचारा, तिकिटाचा दर विचारला की जुनी माणसं हमखास बोलायला लागतात. आणि पुढच्या वेळी फोनवर कुणाची बातमी आली तर आधी खरी आहे का बघा, आणि खरी असेल तर पणतीचा फोटो पाठवण्याऐवजी दोन ओळी स्वतःच्या लिहा. कुठे, कधी, कुणाबरोबर. आम्हालाही कळवा, पोस्टकार्डावर पाठवलंत तरी चालेल, पत्ता कार्यक्रमाच्या शेवटी देतेच आहे. नमस्कार.