मार्च मारतो, एप्रिल सोलतो

[काळोख. पत्र्यावर पावसाचा आवाज. बॅटरीचा झोत हलत आत येतो.]

२ एप्रिल. पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं.

शेडमध्ये ४० मेंढ्या. ३९ पेंढ्यावर बसून रवंथ करताहेत. एकच उभी आहे. कोपऱ्यात तोंड घालून पुढच्या पायाने पेंढा उकरते, गोल फिरते, बसते, लगेच उठते. घरच्या बाई दाराशीच थांबल्यात. घाईने आत शिरलं तर बाकीच्या ३९ उठतील आणि ही धसका घेऊन कळा थांबवेल. म्हणून अंगावर कोट, पायात गमबूट, आणि हात खिशात घालून नुसतं पाहायचं. आम्हीही कॅमेरा खाली घेतो.

पंधरा मिनिटं जातात. मेंढी अडली आहे.

कोकरू नीट येत असलं की आधी दोन खूर दिसतात आणि खुरांवर टेकवलेलं नाक. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं. इथे नाक दिसतंय, पण खूर एकच. दुसरा पाय आत मागे दुमडलाय.

[हात. साबणाचं पाणी. बादली.]

बाई कोपरापर्यंत हात धुतात. हात लहान असणं हे या धंद्यात भांडवल आहे. शेजारपाजारची अडलेली मेंढी सोडवायला म्हणूनच यांना बोलावणं येतं. एक कळ येऊन गेली की मधल्या उसंतीत त्या डोकं हलकेच मागे लोटतात. कळेच्या विरुद्ध जोर लावायचा नाही. बोटं गुडघ्यापर्यंत पोचतात, मग खुरापर्यंत. खूर तळव्यात झाकून घ्यायचा, नाहीतर टोक लागून गर्भाची पिशवी फाटते. झाकलेला खूर पुढे आणला, की दोन पाय आणि नाक एका ओळीत येतात. पुढची कळ. आणि कोकरू सरकन पेंढ्यावर येतं, पिवळ्या, चिकट वंगणात माखलेलं.

श्वास नाही.

बाई पेंढ्याची एक काडी उचलून त्याच्या नाकपुडीत फिरवतात. कोकरू शिंकतं. आणि मेंढी वळून त्याला चाटायला लागते. चाटताना तिच्या घशातून एक खोल, हलका घरघरता आवाज येतो. हा आवाज मेंढी फक्त नुकत्या जन्मलेल्या पिलाशी काढते.

[उजाडतं. टेकडी, धुकं, दगडी कुंपण, पाटीच्या दगडाचं छप्पर.]

हे वेल्स, ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग. केरेडिगियन परगणा, ट्रेगॅरन गावाच्या वरच्या अंगाला केंब्रियन डोंगर सुरू होतात तिथे. कधीकाळी इथून गुरं हाकत थेट लंडनच्या बाजारापर्यंत नेत. वेल्समध्ये माणसं ३० लाखांच्या थोडी वर आणि मेंढरं त्याच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे इथल्या रस्त्यावर थांबावं कुणी याचा वाद होत नाही.

आपण आलोय ती शेती १५ एकरांची. अशा लहानशा वाडीला वेल्श भाषेत टदिन म्हणतात. डोंगरकडेच्या अनेक टदिनांच्या मागे एकच गोष्ट सांगितली जाते. गावाच्या सामाईक माळावर सूर्यास्तानंतर घर बांधायला घ्यायचं आणि उजाडायच्या आत त्याच्या धुराड्यातून धूर काढून दाखवायचा. मग घर तुमचं. दारात उभं राहून कुऱ्हाड भिरकावायची. ती पडेल तिथपर्यंत जमीनही तुमची. कायद्यात असं कधीच नव्हतं, पण लोकांचा त्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासावर भिंती उभ्या राहिल्या. या घराला म्हणतात टी इनोस, एका रात्रीचं घर. बाईंचं घर तसंच उठलं असं त्यांच्या सासऱ्यांचं म्हणणं. कुऱ्हाड मात्र १५ एकर जाईल इतकी कुणीच फेकली नसणार, हे त्या स्वतःच हसून सांगतात.

[स्वयंपाकघर. चुलीवर किटली. जमिनीवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात हलणारं काहीतरी.]

घरात पाऊल टाकलं की आधी खोकं ओलांडावं लागतं. रात्री गारठलेलं एक कोकरू टॉवेलात गुंडाळून चुलीशी ठेवलंय. निरोगी कोकराच्या अंगाची ऊब ३९ ते ४० अंश असते. ३७ च्या खाली गेलं की ते दूधही ओढत नाही. बाई त्याच्या तोंडात बोट घालून बघतात. तोंड गार असेल तर वाईट. "बाख," असं त्याला म्हणतात. बाख म्हणजे छोटू. कोकराला बाख, नवऱ्याला बाख, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हालाही बाख.

खोक्याशेजारी बाटली आहे, बाटलीत चीक. मराठी घरात चीक म्हटला की खरवस आठवतो. इथे त्याचा हिशेब मिलिलिटरमध्ये चालतो. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं मेंढीच्या वारेतून कोकरापर्यंत पोचतच नाहीत. ती येतात फक्त चिकातून, आणि कोकराच्या आतड्याची दारं त्यांच्यासाठी साधारण एक दिवसच उघडी असतात. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलिलिटर. ४ किलोच्या कोकराला २००, म्हणजे एक मोठा कप. म्हणूनच मघाशी शेडमध्ये मेंढीने चाटायला सुरुवात केल्यावर बाईंनी आधी तिचे दोन्ही सड पिळून पाहिले. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं. ते निघालं नाही, तर कोकरू चोखत राहतं आणि उपाशी मरतं. मग नाळ आयोडिनमध्ये बुडवली, आणि घरी येऊन चहा ठेवला.

[भिंतीवरचं कॅलेंडर. एक तारीख निळ्या पेनने गोल केलेली.]

कोकरं एप्रिलमध्येच का, याचं उत्तर नोव्हेंबरच्या पानावर आहे. ५ नोव्हेंबरला सगळ्या ब्रिटनमध्ये फटाके उडतात. १६०५ साली संसद उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण. त्याच दिवशी मेंढा कळपात सोडायचा. मेंढी १४७ दिवसांच्या आसपास विते. ५ नोव्हेंबरपासून १४७ दिवस मोजा, एप्रिल फूल येतो. मेंढ्याच्या छातीला रंग लावलेला असतो आणि तो दर १६-१७ दिवसांनी बदलतात. ज्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर निळा उमटला ती आधी विणार, लालवाली नंतर. जानेवारीत सोनोग्राफीवाला येऊन कुणाच्या पोटात एक, कुणाच्या दोन, हे सांगून जातो आणि त्यावरून खुराक ठरतो. इतकी शिस्त लावून ठेवायची, ती एप्रिलमध्ये गवत असेल या भरवशावर.

आणि गवत नसतं.

[कोठार. गवताच्या गासड्या. मागची भिंत दिसू लागली आहे.]

परदेशातला वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डॅफोडिल येतात. डॅफोडिल आहेत, कुंपणाशी फुललेत, मेंढ्या त्यांना तोंड लावत नाहीत. बाकी डोंगर अजून गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताच्या रंगाचा आहे. मागच्या जुलैत वाळवून भरलेल्या गासड्या नोव्हेंबरात छताला लागल्या होत्या. आता मोजून ३१ आहेत. गासडी साधारण २० किलोची. ४० मेंढ्यांना दिवसाला ३ लागतात. दहा दिवसांचा चारा. आणि पोटातलं किंवा पोटाशी असलेलं कोकरू नेमकं याच दिवसांत सगळ्यात जास्त मागतं. पोटात दोन पिलं वाढवणारी मेंढी उपाशी राहिली, तर स्वतःची चरबी जाळत बसते, रक्त बिघडतं, आंधळ्यासारखी भिंतीला डोकं टेकवून उभी राहते. तिथून परत आणणं कठीण.

वेल्शमध्ये म्हण आहे : माउर्थ आ लाद, एब्रिल आ व्लिंग. मार्च मारतो, एप्रिल सोलतो. दोघांच्या मध्ये काही शिल्लक राहत नाही, अशी तिची पुढची ओळ. चैत्र-वैशाखात छावणीच्या दारात जनावर धरून उभं राहिलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे पाणी नाही म्हणून गवत नाही, आणि इथे पाऊस बारा महिने झिरपतो तरी नाही. मातीच थंड आहे. ती पाच-सहा अंशांच्या वर काही दिवस टिकली, की मगच गवत हलतं.

म्हणून खिडकीशी एक तापमापी आहे आणि रोज सकाळी न्याहारीच्या आधी बाई ती घेऊन खालच्या रानात जातात. बोटभर खोल खुपसतात. उभ्या राहतात. आज ४.५.

"काल?" आम्ही विचारतो.

"काल पण."

[घर. खिडकीची फळी. अंड्यांच्या पुठ्ठ्यांत बटाटे.]

माणसांच्या ताटातही हेच दिवस रोडके. हिवाळ्यासाठी साठवलेलं संपत आलंय आणि नवीन काही उगवलेलं नाही. बागेत उभे आहेत लीक, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी, आणि कडक पानांचा केल. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस काउल : मटणाचा, लीक आणि बटाट्यांचा पातळ रस्सा, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागणारा. बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्यांत डोळे वर करून खिडकीत मांडलेत, कोंब यावेत म्हणून. गुड फ्रायडेला बटाटे लावायची जुनी रीत आहे. यंदा बाईंनी ती मोडली. चिखलात बियाणं कुजवून पुण्य लागत नाही, असं त्यांचं मत.

मालक सकाळी सहालाच टपालाची व्हॅन घेऊन निघतात. १५ एकरांवर घर चालत नाही. लोकर कातरणाऱ्याच्या मजुरीला कित्येकदा तिचे पैसे पुरत नाहीत. कोकरं विकून येतं, ते खुराकात आणि डॉक्टरात जातं. मग हे सगळं कशासाठी, असं आम्ही विचारलं. मालकांनी व्हॅनची काच वर केली आणि गेले.

[रान. उघडं आभाळ. वर घिरट्या.]

सकाळची फेरी. वर आभाळात लाल घार, दुभंगलेल्या शेपटीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या ब्रिटनमध्ये तिच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या, त्या याच दऱ्याखोऱ्यांत. ती वार उचलून नेते, कोकराला सहसा हात लावत नाही. भीती आहे ती रेव्हनची, आपल्या डोमकावळ्याच्या थोरल्या भावाची. मेंढी आडवी पडलेली असताना अर्धवट बाहेर आलेल्या कोकराचे डोळे तो काढतो.

आज मात्र तसं काही नाही. एका मेंढीचं एकुलतं पिलू रात्रीत गेलंय, कारण दिसत नाही. ती त्याच्याजवळ उभी राहून पाय आपटते आहे.

पुढचं काम आम्ही थोडं दुरून चित्रित केलं. मेलेल्या कोकराचं कातडं अंगरख्यासारखं सोलून काढायचं, पायांसाठी चार भोकं ठेवायची, शेपटी तशीच. चुलीशी ठेवलेलं कोकरू तिळ्यांतलं तिसरं. त्याच्या आईला सड दोनच. त्याला हा अंगरखा घालायचा आणि या मेंढीपुढे सोडायचं. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायची रीत आपल्याकडे जुन्यांना आठवत असेल. तिथे पान्ह्यासाठी जनावराला फसवायचं. इथे एका पोरक्याला आई मिळते.

मेंढी तोंड हुंगत नाही. शेपटीखाली हुंगते. एकदा. पुन्हा. कोकरू कासेखाली शिरतं, ढुशी मारतं. ती एक पाऊल बाजूला होते. बाई श्वास रोखून आहेत, आम्हीही. मग तो घशातला आवाज.

दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकायचं. तोवर तिचं दूध त्याच्या पोटातून गेलेलं असतं, आणि त्याच्या अंगाला तिचाच वास येऊ लागतो.

[मेंढ्या फाटकातून एकामागून एक जातात.]

संध्याकाळी मोजणी. ईन, दाय, त्री, पेदवार, पिम्प. जुन्या वेल्शमध्ये मोजणी विसांवर चालते : अठराला "दोन नऊ", चाळीसला "दोन वीस", साठला "तीन वीस". आम्ही सांगितलं, आमच्याकडेही म्हातारी माणसं "तीन विसा साठ" म्हणतात. बाईंची मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

या मेंढ्या उन्हाळ्यात डोंगरावर जातात, आणि तिथे कुंपण नाही. तरी त्या आपल्या हद्दीतच चरतात. आईबरोबर फिरताना कोकरू शिकतं, की आपला ओढा हा, आपला आडोसा हा, याच्या पलीकडे आपलं नाही. या ओढीला वेल्शमध्ये कनेविन म्हणतात. २००१ च्या लाळ्या-खुरकुतात ब्रिटनभर ६० लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. ज्यांचे डोंगरातले कळप गेले त्यांना भरपाईच्या पैशांत मेंढ्या पुन्हा घेता आल्या. डोंगर माहीत असलेल्या मेंढ्या बाजारात विकत मिळत नव्हत्या.

[दहावा दिवस. रिकामं होत आलेलं कोठार. ट्रॅक्टरचा आवाज.]

दहाव्या दिवशी शेजारी १० गासड्या टाकून गेला. उसन्या. पैशांचा विषय निघाला नाही; जुलैत मोजून परत. त्याच दुपारी खालच्या दलदलीवरून कर्ल्यूची लांब, चढत जाणारी शीळ आली. लांब वाकड्या चोचीचा हा पक्षी थंडीत कोकणच्या खाड्यांवरही दिसतो, मात्र ते थवे दुसऱ्या वाटेने येतात. बाई हातातलं फावडं टेकून ऐकत राहिल्या. पूर्वी पुष्कळ असत, म्हणाल्या.

बाराव्या दिवशी तापमापी ६.५ वर होती. सलग तिसरा दिवस.

[रान. पहिल्यांदाच हिरवट. उशिराचं ऊन.]

फाटक उघडलं. मेंढ्या आधी धावल्याच नाहीत. उंबऱ्यातच माना खाली घातल्या. गवत अजून बोटाच्या पेराएवढं, पण खाण्याचा आवाज ऐकू येत होता, कापड फाटल्यासारखा. सवयीने बाईंनी एक गासडी सोडून पसरली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ऊन उतरताना कोकरांची टोळी जमली आणि कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच धावू लागली. कातडं उतरवलेलं तिसरं त्यांच्यात कुठलं, हे आम्हाला ओळखता येईना.

बाई कोठारात गेल्या. ५ गासड्या उरल्या होत्या. १० शेजाऱ्याच्या द्यायच्या होत्या. दारामागे खडूने आकडा लिहिला आणि दिवा मालवला.