हातांचा संधिवात आणि व्यायामाची मात्रा

सांधे दुखत असतील तर हाताला विश्रांती द्या, हा सल्ला येथे बसलेल्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा ऐकलेला असेल. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराचा, जोर असताना, सांधा गरम आणि सुजलेला असताना, तो योग्यच आहे. परंतु सूज ओसरल्यावरही हात जपण्याची सवय तशीच राहते आणि माझा आक्षेप आहे तो तिला. वापर थांबला की हाताचे स्नायू रोडावतात, पकड सैल पडते आणि मग चहाचा कप उचलतानाही धास्ती वाटते.

या आजाराचा रोख मनगट, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि बोटांचे मधले सांधे यांच्यावर असतो. नखाजवळचे सांधे बहुधा सुटतात. सांध्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की त्याला बांधून ठेवणारे बंध सैल होतात, बोटांना ओढणाऱ्या दोऱ्या जागेवरून सरकतात आणि बोटे करंगळीच्या दिशेने कलू लागतात. एकदा पक्के झालेले हे वाकडेपण व्यायामाने सरळ होत नाही, आणि सूज आटोक्यात ठेवण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचेच आहे, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

मग व्यायामाने साधते काय? याचे भक्कम उत्तर इंग्लंडमधील ‘सारा’ या चाचणीने दिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 490 रुग्ण होते आणि त्यांची औषधे किमान तीन महिने बदललेली नव्हती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला हाताचे अकरा व्यायाम शिकवण्यात आले, त्यांपैकी सात हालचालीचे आणि चार ताकदीचे. वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांच्या हाताचे कामकाज अधिक सुधारलेले आढळले. दुखणे मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. म्हणजे व्यायामाने ते विशेष कमी झाले नाही, पण ज्याची सर्वांना भीती असते तसे वाढलेही नाही.

त्यांतला एक व्यायाम आत्ताच करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, बोटे सरळ असू द्या, आणि तर्जनीपासून सुरुवात करून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेने सरकवा. बोटे ज्या बाजूला कलतात तिच्या नेमकी उलट ही हालचाल आहे. ताकदीसाठी मळलेल्या कणकेसारखी थेरपी पुट्टी मुठीत दाबायची, चिमटीत धरायची. ती किती घट्ट असावी हे थेरपिस्टने हात तपासून ठरवावे. व्यायामानंतर थोडे ठणकले तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल तर मात्रा कमी करावी, व्यायाम सोडून देऊ नये.

स्वयंपाकघराकडेही पाहायला हवे. भरलेले पातेले एका हाताने सांडशीत धरून उतरवताना बोटांच्या सांध्यांवर जो ताण येतो, तो दोन्ही तळहातांचा आधार देऊन उचलल्यास पुष्कळ कमी होतो. ओले फडके पिळण्याऐवजी तळहाताने दाबून निथळावे. या तडजोडी करताना घरच्यांना संकोच न बाळगता सांगावे, कारण बाहेरून धड दिसणाऱ्या हाताचे दुखणे त्यांना दिसत नाही.

खरी अडचण सातत्याची आहे. ‘सारा’मधील रुग्णांना दोन वर्षांनंतर पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही गटांतला फरक बराचसा ओसरला होता, आणि व्यायामही अनेकांचे मागे पडले होते. म्हणून मी रुग्णांना सकाळचा ताठरपणा ओसरल्यानंतरची एखादी ठरलेली वेळ निवडायला आणि साध्या वहीत नोंद ठेवायला सांगतो. पुढच्या भेटीत ती वही मी चाळतो; तीन महिने तीच पुट्टी, तितक्याच वेळा आणि तेही सहज होत असेल, तर त्याच दिवशी अधिक घट्ट पुट्टी हातात देतो.