राफ्टमध्ये बसण्याआधी

[दृश्य : उंचावरून दिसणारी नदी. वळण, मग फेसाळणारं पाणी.]

नदी एका वळणावर अरुंद होते, तळाचा उतार वाढतो, आणि हिरवं पाणी बघता बघता पांढरं होतं. राफ्टमध्ये सहा-आठ माणसं वल्ही घेऊन बसलेली. पुढे काय आहे, हे त्यांच्यातल्या एकालाच ठाऊक असतं. मागे बसलेल्या गाईडला.

आपण पैसे मोजतो ते खरं तर या एका माणसाच्या नजरेचे. म्हणून राफ्टिंगसाठी कंपनी निवडताना पहिली चौकशी गाईडची करावी. व्हिडिओ मोफत मिळणार का, गाडी न्यायला येणार का, हे सगळं नंतर.

ही नजर म्हणजे नेमकं काय? नवख्याला उंच लाटांची भीती वाटते. पण पुष्कळदा या लाटा एकामागोमाग ओळीने येतात, खाली खोल पाणी असतं आणि राफ्ट वर-खाली होत सरळ निघून जाते. जीवघेणी जागा कित्येकदा दिसायला साधी असते. नदीवरचा एखादा बुटका बंधारा घ्या. वरच्या बाजूने येताना दिसते ती फक्त पाण्याची गुळगुळीत आडवी रेघ. पण पलीकडे कोसळलेलं पाणी उलटं फिरून परत भिंतीकडे येतं. त्यात सापडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला, तरी तिथल्या तिथे घुसळला जातो.

किंवा काठावरून प्रवाहात पडलेलं झाड. फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. मागून येणारी धार त्याला फांद्यांवर दाबून धरते, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. जाणता गाईड अशा जागेच्या बराच आधी राफ्ट काठाला लावतो. उतरून पुढे चालत जातो, पाणी न्याहाळतो, आणि मनाला पटलं नाही तर सगळ्यांना उतरवून तो टप्पा काठाने चालत पार करायला लावतो. काही जणांचा तिथे हिरमोड होतो. खरं तर त्या क्षणी आपण योग्य माणसाच्या राफ्टमध्ये आहोत, याची खात्री पटायला हवी.

[दृश्य : काठावरच्या खडकावर रंगवलेली पाणीपातळीची पट्टी.]

पांढऱ्या पाण्याच्या एक ते सहा अशा श्रेणी जगभर मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत हलक्या लाटा. तिसरीत लाटा वेड्यावाकड्या, आणि अडथळ्यांमधून राफ्ट नेमकी वळवावी लागते. पाचवीत लांबलचक, खडकांनी भरलेले टप्पे असतात. तिथे पडलेल्या माणसाला बाहेर काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. सहावी श्रेणी पर्यटकांसाठी नव्हेच.

जाहिरातीत श्रेणी ठळक छापलेली असते. मात्र ती नदीला कायमची चिकटलेली नसते. पाणी चढलं की काही खडक बुडून टप्पा सोपा होतो, तर काही ठिकाणी नवे भोवरे तयार होतात. काठावरची झाडं प्रवाहात येतात. दोन खळाळांमधलं शांत पाणी आखूड होतं, म्हणजे पडलेल्याला उचलून घ्यायला सवडच उरत नाही. वर धरण असेल, तर विसर्गाच्या वेळेनुसार हे सगळं काही तासांत पालटू शकतं.

तेव्हा फोनवर सरळ विचारा : आज नदीला पाणी किती आहे, आणि किती झालं की तुम्ही सहल रद्द करता? चांगली कंपनी आकडा सांगते. मोजपट्टीवरची पातळी किंवा सेकंदाला इतके घनमीटर, असा काहीतरी पक्का आकडा. ‘काळजी करू नका, रोज जातो आम्ही’ हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

गाईडकडे प्रशिक्षणाचा कागद हवा. इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशन ही संस्था गाईडची प्रत्यक्ष नदीवर परीक्षा घेऊन पाण्याच्या श्रेणीनुसार प्रमाणपत्र देते. काही देशांत सरकारी परवानाही लागतो. प्रमाणपत्र कोणत्या श्रेणीचं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, तेही पाहायचं. प्रथमोपचार आणि वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण यांबद्दल वेगळं विचारावं लागतं. पण कागद पुरेसा नाही. दुसऱ्या नदीवर वाकबगार असलेला गाईडही या नदीवर नवखा असू शकतो. याच टप्प्यावर त्याने किती हंगाम काढले आहेत, हे विचारायला संकोचू नका. शिकाऊ गाईड वल्हवत असेल, तर हरकत नाही. त्याच राफ्टमध्ये त्याच्याबरोबर जुना माणूस हवा.

[दृश्य : काठावरची तयारी. पट्टे आवळणारे हात, अगदी जवळून.]

काठावर आल्यावर मात्र नीट लक्ष द्या. गाईड प्रत्येकाच्या समोर उभा राहतो, लाईफ जॅकेटचे पट्टे एकेक करून आवळतो, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर खेचतो. जॅकेट सरकून कानांशी आलं, तर माप चुकलं, दुसरं द्यायचं. हेल्मेट मान हलवल्यावर डोळ्यांवर येता कामा नये. हे काम ‘आपापलं घालून घ्या’ असं सांगून उरकलं जात असेल, तर मला ते अजिबात चालत नाही.

थ्रो बॅगही पाहा. पाण्यात पडलेल्याकडे फेकायची ही दोराची पिशवी. तिच्यात दोराचं वेटोळं करत नाहीत. दोर थोडा थोडा कोंबून भरतात, म्हणजे फेकल्यावर न अडकता सरसर सुटतो. ती गाईडच्या हाताशी हवी, सामानाखाली दडपलेली नको. शिवाय एकच राफ्ट नदीत उतरत असेल, तर विचारा : ही उलटली तर आम्हाला उचलणार कोण? सोबत दुसरी राफ्ट किंवा सेफ्टी कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतून बचावासाठी येणारा माणूस, असायला हवा.

मग सूचना. त्या घाईत उरकता येत नाहीत. वल्ह्याच्या टोकाची मूठ तळहाताने झाकून धरायची, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, पावलं पाण्याच्या वर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल तळाच्या कपारीत अडकतं, वरून प्रवाह ढकलतो, आणि कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडतो. दोर मिळाला की छातीशी धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. पाणी गार असेल, तर पडल्या पडल्या धाप लागते. पहिला मिनिटभर फक्त श्वास ताब्यात आणायचा. हे गाईडने नुसतं सांगणं पुरेसं नाही. ‘पुढे’, ‘मागे’, ‘थांबा’, ‘खाली बसा’ या हुकमांचा सराव त्याने संथ पाण्यात सगळ्यांकडून करून घेतला पाहिजे.

त्याने आपल्यालाही प्रश्न विचारायला हवेत. हृदयविकार, फिट, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, पोहता येतं का, दारू घेतली आहे का. सहीसाठी पुढे केलेल्या जबाबदारीच्या कागदावर हे छापलेलं असतंच, पण तोंडी विचारणारा गाईड त्या उत्तरावरून कोणाला कुठे बसवायचं ते ठरवतो, प्रसंगी काठावरच थांबवतो. खोटं सांगून त्याची अडचण करू नका.

[दृश्य : काठावर ओळीने उलट्या ठेवलेल्या राफ्ट.]

आगाऊ पैसे भरण्याआधी एक प्रश्न उरतो. पाणी वाढल्यामुळे सहल रद्द झाली, तर पैशांचं काय? पूर्ण परत, किंवा दुसरी तारीख, असं लेखी मिळत असेल, तर गाईडला ‘आज नको’ म्हणताना मालकाच्या गल्ल्याचा विचार करावा लागत नाही. पैसे बुडणार असतील, तर पाहुणे चिडणार, मालक दटावणार, आणि नदीकाठी उभ्या असलेल्या त्या माणसावर दोन्हीकडून दबाव येणार. ही अट बुकिंग करतानाच विचारून घ्या.