लॅरमी: खुनानंतर गाव काय काय बोललं

(दृश्य: मोकळं पठार, वाळलेलं गवत, लांबवर डोंगर. फक्त वाऱ्याचा आवाज.)

हे लॅरमी. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शहर, म्हणायला शहर पण 1998 च्या सुमारास वस्ती सव्वीस-सत्तावीस हजारांची, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव धरा. उंचीला मात्र आपल्या कळसूबाईच्याही वर, सात हजार फुटांच्या पुढे, त्यामुळे वारा आणि थंडी दोन्ही भरपूर. रेल्वे आली म्हणून गाव वसलं, आजूबाजूला गुरांची मोठमोठी कुरणं, आणि राज्यातलं एकमेव सरकारी विद्यापीठ इथे. तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो, कोणी कोणाच्या भानगडीत पडायचं नाही, अशी इथल्या लोकांची रीत आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

6 ऑक्टोबर 1998 ची रात्र. मॅथ्यू शेपर्ड, वय 21, याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारा, अंगाने अगदी किरकोळ, आणि गे. गावातल्या एका बारमध्ये त्याला दोन पोरं भेटली, त्याच्याच वयाची, अ‍ॅरन मॅकिनी आणि रसेल हेंडरसन. त्यांनी त्याला आपल्या गाडीत बसवून गावाबाहेर नेलं, रिव्हॉल्व्हरने डोक्यावर मारमार मारलं, पाकीट काढून घेतलं, पायातले बूटसुद्धा काढून घेतले आणि लाकडी कुंपणाला बांधून तसाच थंडीत सोडून गेले. साधारण अठरा तास तो तिथे होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला तो दिसला, आणि त्याला आधी वाटलं की कोणीतरी बुजगावणं बांधलंय.

तिथे पहिल्यांदा पोचली ती रेगी फ्लूटी नावाची पोलीस अधिकारी. मॅथ्यूचा चेहरा रक्ताने पूर्ण माखलेला होता, फक्त डोळ्यातून पाणी वाहून गेलं होतं तेवढीच गालांची त्वचा दिसत होती, असं तिने सांगितलेलं आहे. 12 ऑक्टोबरला पहाटे, शेजारच्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सच्या हॉस्पिटलमध्ये तो वारला.

(दृश्य: ओबी व्हॅन, माइक, गर्दी)

मग गावात कॅमेरे घुसले. कोर्टासमोर ओबी व्हॅन लागल्या, रस्त्यात जो दिसेल त्याच्या तोंडासमोर माइक, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न की तुमचं गाव असं कसं. गावातल्या लोकांचं म्हणणं एकच, आम्ही असे नाही हो. यातून काय होतं तर लोक एकतर भांडतात नाहीतर दार लावून घेतात, आणि लॅरमीत दोन्ही झालं.

खुनानंतर साधारण महिन्याने न्यूयॉर्कहून आणखी एक गट तिथे आला, टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट नावाची नाटकमंडळी, आणि त्यांचा दिग्दर्शक मोइसेस कॉफमन, मूळचा व्हेनेझुएलाचा, स्वतः गे. यांच्या हातात होते टेपरेकॉर्डर आणि वह्या. नाटक होईल की नाही हे तेव्हा त्यांनाच माहीत नव्हतं, मुळात न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांशी हे कुरणातले लोक बोलतील तरी का इथपासून शंका होती. पण ते परत परत गेले, दीड वर्षात सहा खेपा झाल्या, दोनशेच्या वर मुलाखती झाल्या. टीव्हीवाले एकदा बाईट घेऊन गेले की गेले, हे मात्र पुन्हा दारात उभे, म्हणजे मागच्या वेळी तुम्ही हे बोललात, आता काय वाटतंय. मला वाटतं या कामाची सगळी ताकद या परत जाण्यात आहे, कारण माणूस पहिल्या भेटीत जे बोलतो ते बहुतेक वेळा चारचौघांसाठी असतं.

त्यातून जे नाटक झालं ते 'द लॅरमी प्रोजेक्ट'. पहिला प्रयोग फेब्रुवारी 2000, डेन्व्हरला. तीन अंक, आठ नट, आणि साठच्या वर माणसं. नेपथ्य म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही, टेबलं-खुर्च्या, आणि नट एखादं जॅकेट चढवतो, टोपी घालतो, चष्मा लावतो की दुसरा माणूस उभा राहतो. हा कोण ते निवेदक सांगतो आणि मग त्या माणसाचे शब्द, मुलाखतीत बोललेले, कोर्टात नोंदवलेले. नट स्वतःच्या नावानेही स्टेजवर येतात, कारण मुलाखती त्यांनीच घेतल्यात आणि तेव्हा आपल्याला कुठे भीती वाटली, कुठे राग आला हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. मॅथ्यू मात्र पात्र म्हणून एकदाही येत नाही. त्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याला शेवटचा भेटलेला बारमन, त्याला गाडीतून फिरवणारा ड्रायव्हर, मैत्रीण, डॉक्टर, आणि या सगळ्यांच्या बोलण्यातून तो आपल्याला कळत जातो.

डॉक्टरांचं तर ऐकाच. त्या संध्याकाळी लॅरमीच्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीला एक पोरगा आधीच आलेला होता, डोक्याला मार लागलेला, आणि थोड्या वेळाने मॅथ्यूला आणलं. आधी आलेला तो पोरगा म्हणजे मॅकिनी, मॅथ्यूला मारून गावात परतल्यावर त्याने दुसऱ्याच कोणाशी तरी मारामारी केली होती. दोघं दोन खोल्यांच्या अंतरावर, आणि डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही, त्यांनी दोघांनाही तपासलं, दोघांचीही काळजी केली.

आणि रेगी फ्लूटी. मॅथ्यूला सोडवताना तिचे हातमोजे फाटत होते आणि हातावर छोट्या छोट्या जखमा होत्या. नंतर कळलं की मॅथ्यूला एचआयव्ही होता. मग औषधं सुरू, वाट बघणं सुरू, घरात मुली, आणि तिची आई नाटकमंडळींना हे सगळं सांगतेय. पुढे टेस्ट निगेटिव्ह आली. द्वेषाने एकाला मारलं असं आपण म्हणतो, पण त्या एका रात्रीचं ओझं किती घरात जाऊन पडलं हे या मायलेकींचं ऐकताना समजतं.

(दृश्य: रस्त्यावरची मिरवणूक, पिवळ्या फिती)

10 ऑक्टोबरचा शनिवार. मॅथ्यू अजून हॉस्पिटलमध्ये. गावात विद्यापीठाची दरवर्षीची होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची, मिरवणूक निघाली, आणि तिच्या शेवटी काही लोक मॅथ्यूच्या नावाचा बॅनर घेऊन चालायला लागले, दंडाला पिवळ्या फिती. पन्नाशीतला एक माणूस, तोही गे, गावात कित्येक वर्षं राहणारा, पाय मोडल्यामुळे प्लास्टरमध्ये, खाली उतरता येत नाही म्हणून खिडकीतून बघत होता. मिरवणूक समोरून गेली, पुढे वळली आणि त्याच रस्त्याने परत आली. मधे किती वेळ गेला असेल, पण परत येताना पाहतो तर बॅनरमागची रांग पाचपट झालेली, फुटपाथवर बघायला उभे असलेले लोक उतरून मागे सामील झालेले. इतकी वर्षं तो ज्या गावात गप्प राहिला ते गाव त्याच्या खिडकीखालून चाललं होतं, आणि तो रडला.

पण नाटक इथे थांबून गावाला सर्टिफिकेट देत नाही, आणि म्हणून मला ते प्रामाणिक वाटतं. बांगलादेशात जन्मलेली, लहानपणापासून लॅरमीत वाढलेली, हिजाब घालणारी एक मुलगी त्यात बोलते. तिचं म्हणणं असं की सगळे म्हणतात आम्ही असे नाही, अरे पण हे इथेच झालं ना, मारणारे इथलेच ना, मग आपण असे आहोत, आधी ते मान्य करा. गावातले कॅथलिक फादरही तसेच सरळ बोलतात, त्या दोघांना जाऊन विचारा की हे तुम्ही कुठे शिकलात, आम्ही तुम्हाला काय शिकवलं. आणि नाटकवाल्यांनाही त्यांनी बजावलं की जे सांगाल ते नीट सांगा.

खटला चालू असताना कॅन्सस राज्यातून फ्रेड फेल्प्स नावाचा पाद्री आपली माणसं घेऊन आला, हातात समलिंगी लोकांना शिव्या देणारे फलक. मॅथ्यूच्या अंत्यविधीलाही हे लोक येऊन उभे राहिले होते. यावेळी मॅथ्यूच्या मैत्रिणीने आणि तिच्या सोबत्यांनी पांढऱ्या कपड्यांचे देवदूतांसारखे पंख बनवले, चांगले उंच आणि रुंद, आणि फेल्प्सच्या लोकांकडे पाठ करून समोर नुसते उभे राहिले. तोंडातून शब्द नाही. फलक पंखांमागे झाकले गेले.

हेंडरसनने गुन्हा कबूल केला, त्याला दोन जन्मठेपा. मॅकिनीच्या वकिलांनी सांगायचा प्रयत्न केला की मॅथ्यूने अंगलगट केली म्हणून त्याचा तोल गेला, कोर्टाने हा बचाव करू दिला नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये तो दोषी ठरला, फाशी होऊ शकत होती, पण मॅथ्यूच्या आईवडिलांनी ती मागितली नाही. वडील डेनिस शेपर्ड कोर्टात उभे राहिले आणि त्याच्या तोंडावर म्हणाले की मला जड जातंय, पण मॅथ्यूसाठी मी तुला जगू देतो. नाटकात हे निवेदन येतं तेव्हा डोळे कोरडे ठेवणं अवघड आहे.

नोव्हेंबर 2000 मध्ये नाटकाचा प्रयोग खुद्द लॅरमीत झाला. आपलंच बोलणं, आपलीच अडखळणारी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून, समोर शेजारीपाजारी बसलेले असताना ऐकायची, ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्यासाठी ही सोपी गोष्ट नव्हती.

(दृश्य: 2008, तेच गाव, नवी दुकानं)

आता मी ज्यासाठी हा व्हिडिओ करतोय ते. दहा वर्षांनी मंडळी परत लॅरमीला गेली आणि त्यांना वेगळंच काहीतरी ऐकू यायला लागलं. ते द्वेषाबिषाचं काही नव्हतं हो, लुटालूट होती, ड्रगचं प्रकरण होतं, आणि हे म्हणणारे वाईट लोक नव्हते, साधे गावकरी होते. मधे 2004 मध्ये एबीसी चॅनेलच्या एका कार्यक्रमाने हीच गोष्ट देशभर दाखवली होती. तपास करणारे पोलीस मात्र ठाम होते, कबुलीजबाब आहे, पुरावे आहेत. त्यातले डेव्ह ओमॅली तर स्वतः सांगतात की या केसच्या आधी आपल्यालाही गे लोकांबद्दल घृणा होती, आणि नंतर तेच द्वेषगुन्ह्यांविरुद्धच्या कायद्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत गेले. ते कुंपण काढून टाकलेलं होतं, बारचं नाव बदललेलं होतं, विद्यापीठातल्या नव्या पोरांना मॅथ्यू कोण हेही नीट माहीत नव्हतं. लुटालूट म्हटलं की दोन पोरांचा दोष, प्रकरण मिटलं, आणि द्वेष म्हटलं की तो आला कुठून हे घरात शोधावं लागतं, लोकांना पहिलं सोयीचं होतं. आणि गाव आपली आठवण अशी बदलत असताना 1998 मध्ये याच गावाने काय सांगितलं होतं ते शब्दच्या शब्द नाटकात नोंदलेलं होतं, ते कोणाला पुसता येईना.

या भेटींवर केलेला दुसरा भाग 12 ऑक्टोबर 2009 ला एकाच दिवशी दीडशेहून जास्त थिएटरांत सादर झाला. त्यात मॅथ्यूची आई जुडी शेपर्ड यांची मुलाखत आहे, आणि तुरुंगात घेतलेली मॅकिनीचीही आहे. त्याच महिन्यात, 28 ऑक्टोबरला, ओबामांनी द्वेषगुन्ह्यांचा केंद्रीय कायदा सही केला, मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड ज्युनियर या दोघांच्या नावाने. जेम्स बर्ड म्हणजे टेक्सासमधला कृष्णवर्णीय माणूस, ज्याला 1998 मध्येच गोऱ्यांनी ट्रकला बांधून फरफटत मारलं. लॅरमी शहराने 2015 मध्ये भेदभावाविरुद्ध स्वतःचा नियम केला, वायोमिंग राज्याचा द्वेषगुन्ह्यांचा कायदा मात्र अजून झालेला नाही.

पहिल्या भागावर एचबीओने 2002 मध्ये फिल्म केली आहे, ती बघायला मिळाली तर बघाच, पण तेवढ्यावर सोडू नका, दुसऱ्या भागाची संहिता मिळवून वाचा, आणि पहिला भाग डोक्यात ताजा असतानाच वाचा, कारण त्यातली तीच माणसं इथे परत बोलतात आणि कोण काय बदललं हे तेव्हाच लक्षात येतं.