ठेंगणं लिंबू आणि आपला पाऊस

बुटकं लिंबू ही वेगळी जात नव्हे, हे आधी सांगून टाकतो. वर बांधलेलं कागदी लिंबूच असतं. ठेंगणेपणा येतो तो मुख्यतः खालच्या खुंटामुळे, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्यामुळे. त्रिपर्णी जातीचा ‘फ्लाइंग ड्रॅगन’ खुंट झाड खरोखर आखूड ठेवतो. जंबेरी खुंट मात्र चांगलाच जोमदार. म्हणून रोपवाटिकेत कुणी कौतुकाने ‘बुटकं’ म्हणालं, तर खुंट कोणता ते विचारा. नीट उत्तर आलं नाही, तर मोठी कुंडी आणि कात्री यांवरच भिस्त ठेवायची.

उंचीची काळजी सगळे करतात. पण कोकणात लिंबू मरतं ते मुळाशी पाणी साचून. जांभ्याच्या मातीतून पाणी झरझर निघून जातं हे खरं, पण हात-दीड हातावर कातळ लागला की तुमचा खड्डा म्हणजे हौदच. तिथे खड्डा खणूच नका. चिऱ्याचे दोन थर रचा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरा आणि कलम वर लावा. कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर राहायला हवा. उन्हाळ्यातलं आळं मिरगाआधी फोडून टाका. आणि न्हाणीचं पाणी केळीला सोडा, लिंबाला नको.

खोडाच्या बुंध्याशी डिंक गळतो तो डिंक्या, मातीतल्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूचा. त्यासाठी मे महिन्यातच बुंध्याला बोर्डो मलम लावायचं. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विरवायचा, मग दोन्ही एकत्र करायचं. भांडी प्लॅस्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. हे बघा, ही घासलेली सुरी मिश्रणात क्षणभर बुडवली. पात्यावर तांबूस थर दिसतोय ना? म्हणजे चुना कमी पडला. थोडा वाढवू, पुन्हा बघू. पातं स्वच्छ निघालं की मलम लावायला तयार.

खैऱ्या रोगाचे खरखरीत, पिवळ्या कडेचे डाग कागदी लिंबावर हटकून येतात. या रोगाचा जिवाणू वाऱ्या-पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो आणि नागअळीने पोखरलेल्या कोवळ्या पानांत सहज शिरतो. म्हणून भर पावसात छाटणी करू नका. उघडीप मिळाली, पानं कोरडी झाली की मगच कात्री घ्या. आषाढात रासायनिक खतही देऊ नका, ते वाहून व्हाळात जातं.

आणि पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर जरा टोचून बघा. मानेमागून शिंग बाहेर काढून उग्र वास सोडलान, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. एवढ्याशा झाडाला फवारणी कशाला हवी? हाताने वेचा.

सांध्याखालून फुटवा आला तर तो खुंटाचा. दिसताच मोडा, नाहीतर चार वर्षांनी दारात जंबेरीच उभी असेल.